पत्ता हरवलेली हाडे

परभणी जिल्ह्यातील पालमच्या शिवारात विहीर खणणाऱ्याला जमिनीखाली काय लागणार हे सांगण्यासाठी भूशास्त्राच्या पदवीची गरज नसते. वर काळी, तिच्याखाली मुरूम, मग ठिसूळ मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. मध्येच एखादा तांबडा पट्टा लागतो, गारगोट्या लागतात आणि पुन्हा कातळ सुरू होतो. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी जमिनीशी झुंजणाऱ्या मराठवाड्याला हा क्रम तोंडपाठ आहे. हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून थरांमागून थर वाहत आलेला लाव्हा. पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे झाले तो काळही हाच. पालमचे घर, रस्ता आणि विहीर ज्या दगडावर उभी आहे, तो दगड त्या महाकाय प्राण्यांच्या अखेरच्या दिवसांचा समकालीन आहे.

मग या भूमीत एखाद्या मांसभक्षक डायनासोरचा दात का सापडू नये? प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे उत्तर आज धोरणाच्या पातळीवर महत्त्वाचे ठरते आहे. तापलेल्या लाव्हाच्या रसात हाड टिकत नाही. हाड टिकायचे तर ते चिखलात, वाळूत, तळ्याच्या किंवा नदीच्या गाळात लवकर झाकले जावे लागते. असा गाळ लाव्हाच्या खाली सापडतो आणि लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या शांततेच्या काळात साचलेला असेल तर मध्येही सापडतो. मराठवाड्याच्या बहुतेक भागात तो कातळाच्या जाड पांघरुणाखाली गडप आहे. त्याची किती जाडी असावी, याचा एक पुरावा दुर्दैवी निमित्ताने हाती आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. पहिले ३३८ मीटर निव्वळ बेसाल्ट लागला. त्याखाली अवघा आठ मीटर जाडीचा गाळाचा खडक, आणि त्याच्याखाली कोट्यवधी नव्हे तर अब्जावधी वर्षांचा जुना पाषाण. पालमपासून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भूकंपाचे कारण शोधताना, मराठवाड्याच्या डायनासोरकालीन जमिनीचे असे ओझरते दर्शन घडले. त्या आठ मीटरवर कोणते प्राणी चालले असतील हे एका छिद्रातून कळण्यासारखे नाही, आणि तीनशे मीटर कातळ फोडून कोणी हाडे शोधायला जाणार नाही.

तरीही गोदावरीकाठी मोठे हाड सापडले की गावात पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘डायनासोर’. पूर्वी ‘राक्षस’ म्हणत. दोन्ही निदाने चुकीची असली तरी हाड मात्र खरे असते. गोदावरी, मांजरा, प्रवरा या नद्यांच्या काठावर पिवळ्या मातीच्या आणि घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरांत हत्ती, पाणघोडा, रानबैल यांसारख्या प्राण्यांचे अवशेष मिळतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात मिळालेल्या प्रचंड हत्तीची नोंद भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ मध्येच केली होती. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठावरील हत्ती व पाणघोड्याचे अवशेष अलीकडच्या काळात अभ्यासकांनी नोंदवले आहेत. हे प्राणी हजारो, फार तर काही लाख वर्षांपूर्वीचे. दख्खनचा लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे लोटल्यानंतरचे. त्यांना डायनासोर म्हणणे म्हणजे शेजारच्या आजोबांना सातवाहन राजा म्हणण्यासारखे आहे. किंबहुना त्याहूनही मोठी चूक आहे. पण वृत्तपत्रांतून आणि आता मोबाइलवरून ही चूक नित्यनेमाने होते, आणि ती दुरुस्त होईपर्यंत हाड बहुधा जागेवरून हललेले असते.

गंमत अशी, की पालम तालुक्यातून वाहणारी हीच गोदावरी खाली गेल्यावर खरोखरच डायनासोरच्या प्रदेशात शिरते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, काळा कातळ संपू लागतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. पुढे तेलंगणातून वळसा घेत नदी गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळ प्राणहितेला भेटते, तेव्हा तिच्या दोन्ही काठांवर लाव्हापेक्षाही कितीतरी जुने, डायनासोरयुगाच्या पूर्वार्धातले खडक असतात. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात १९५८ ते १९६१ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूने एका अजस्र शाकाहारी डायनासोरची सुमारे तीनशे हाडे काढली. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून त्याला ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव मिळाले. डोके मात्र सापडले नाही. तो सांगाडा कोलकात्यात उभा आहे. गोदाकाठच्या माणसाला तो पाहायचा तर हावड्याची गाडी पकडावी लागते.

मांसभक्षकाच्या शोधात मात्र आपल्याला नागपूरला जावे लागेल. कातळाचे पांघरूण विदर्भात येऊन विरते, आणि जेथे ते विरते तेथे त्याखालचा व त्यामधला गाळ उघडा पडतो. नागपूर, वरोरा, साल्बर्डी अशी ही किनार आहे. खालच्या गाळाला ‘लॅमेटा’ म्हणतात. हे नाव जबलपूरजवळील नर्मदेच्या लम्हेटा घाटावरून आले. नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून भोवतालचे दगडही गोळा केले. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील जीवाश्मांची माहिती लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन अवशेष पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. तेथून पदव्या घेतलेल्या हजारोंपैकी किती जणांना या माणसाच्या दगडांच्या छंदाची कल्पना असेल, हे सांगणे कठीण आहे.

नागपूरजवळच्या टाकळी या गावाच्या गाळातून मिळालेल्या एका दाताचे वर्णन १८९० मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी प्रसिद्ध केले. भारतातील पृष्ठवंशीय जीवाश्मांवर त्यांचा मोठा अधिकार होता. त्यांनी हा दात दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या ‘मॅसोस्पॉन्डिलस’ या प्राण्याच्या वंशात घातला आणि त्याला ‘रॉवेसाय’ असे जातिनाम दिले. मॅसोस्पॉन्डिलस हा मुख्यतः वनस्पती खाणारा आणि कालानुक्रमे फार आधीचा. आजच्या अभ्यासकांच्या मते टाकळीचा दात त्याचा असणे शक्य नाही; तो मांसभक्षक डायनासोरचा असावा, नाहीतर डायनासोरचाच नसावा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हा निर्णय अडलेला आहे, कारण हाती आहे तो एकच दात. तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आर ४१९० या क्रमांकाखाली ठेवलेला आहे. टाकळी आता नागपूर शहराच्या पोटात गेली. ज्या थरातून दात आला त्याच्यावर घरे, रस्ते आणि नाल्या आल्या. दुसरा दात, जबड्याचा तुकडा, पायाचे हाड, म्हणजे ज्याने वाद मिटला असता असे काहीही, त्या जागी जाऊन शोधण्याची सोय आता उरलेली नाही.

एका दातावरून इतके काय कळणार, असे कोणी म्हणेल. पुष्कळ कळते. मांसभक्षक डायनासोरचा दात दोन्ही बाजूंनी चपटा, मागे वळलेला आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला असतो. हे प्राणी आयुष्यभर दात टाकत आणि नवे आणत. त्यामुळे एकाच प्राण्याचे कितीतरी दात जमिनीत जातात. वरचे कवच कठीण असल्याने हाड झिजले, फुटले, तरी दात टिकतो. शिकारीच्या जागी शाकाहारी प्राण्याच्या हाडांजवळ असे दात मिळाले तर कोणी कोणाला खाल्ले याचा अंदाजही बांधता येतो. परंतु या सगळ्या निष्कर्षांना एक अट आहे. तो दात नेमका कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी, कोणत्या बाजूने पडला होता हे ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसेल तर काचेच्या पेटीत ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

पत्ता नसला की काय होते याचे सर्वांत ठळक उदाहरण जबलपूरचे आहे. तेथील बडा सिमला टेकडीच्या उतारावर सी. ए. मॅटली यांनी १९१७ पासूनच्या दोन-तीन वर्षांत मांसभक्षक डायनासोरांची हाडे मोठ्या संख्येने काढली. निसर्गात शिकारी नेहमीच थोडे आणि सावज पुष्कळ. असे असता एका जागी इतक्या शिकाऱ्यांची हाडे मिळणे विलक्षण होते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूने यांच्यासह मॅटली यांनी १९३३ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले आणि ‘इंडोसुचस’, ‘इंडोसॉरस’ अशी नावे दिली. पण हाडे एकमेकांत मिसळलेली होती. कवटीचा हा तुकडा आणि नितंबाचे ते हाड एकाच प्राण्याचे काय, हे कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. त्यामुळे हे प्राणी कोणत्या कुळातले याबद्दल पुढची पाच दशके वाद चालू राहिला. १९७० च्या दशकातही इंडोसुचसला अमेरिकेच्या टायरॅनोसॉरसचा नातेवाईक ठरवले जात होते. १९८५ मध्ये अर्जेंटिनात ‘अबेलिसॉरस’ आणि कपाळावर शिंगे असलेला ‘कार्नोटॉरस’ यांचे वर्णन झाले आणि चित्र पालटले. आपले शिकारी अमेरिकेच्या नव्हे, तर मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेच्या शिकाऱ्यांचे भाऊबंद निघाले. एकेकाळी ही सारी भूमी जोडलेली होती आणि भारत नंतर सुटून उत्तरेकडे सरकला, या सिद्धांताचा तो हाडामांसाचा पुरावा. दरम्यान मॅटली यांच्या संग्रहातील काही हाडे कोठे गेली याचा थांगपत्ता लागेना. नव्या शतकात जेव्हा परदेशी व भारतीय अभ्यासकांनी कोलकात्यात फेरतपासणी केली तेव्हा अनेक वस्तूंच्या जागी फक्त जुनी चित्रेच हाती लागली.

जबलपूरच्याच आणखी एका हाडाची हकिकत याहून बोलकी आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे इतिहासात गाजलेले विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये तेथे मणक्याची काही अश्मीभूत हाडे मिळाली. डायनासोर हा शब्दच तोवर जन्माला आलेला नव्हता. ती हाडे कोलकात्याला गेली आणि लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे जगभर ‘टायटॅनोसॉर’ हे एक विशाल कुळच त्या नावाने ओळखले जाऊ लागले. मूळ हाड मात्र हरवले! ते हरवले असे सर्वांनी मानले, शास्त्रीय निबंधांतून तसे छापले गेले, आणि २०१२ मध्ये धनंजय मोहबे व सुभाशीष सेन यांना ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता मुख्यालयातच सापडले. म्हणजे ते घराबाहेर गेलेलेच नव्हते. आपल्या सरकारी संग्रहांतील नोंदवह्यांची अवस्था कशी असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण गुजरातचे. बालासिनोरजवळील रायोली गावात १९८१ च्या सुमारास सिमेंटच्या चुनखडीच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना गोल दगड मिळत होते. सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिकांनी ती डायनासोरची अंडी असल्याचे ओळखले. त्यानंतर १९८२ ते १९८४ या काळात सुरेश श्रीवास्तव यांनी तेथे हाडे काढली, आणि काढताना एक गोष्ट केली जी त्या वेळी कदाचित कंटाळवाणी वाटली असेल. प्रत्येक हाड जमिनीत कोठे व कसे पडले होते याचा त्यांनी बारकाईने नकाशा काढला. हाडे जयपूरला गेली आणि तेथे जवळपास वीस वर्षे पडून राहिली. नव्या शतकाच्या आरंभी अशोक साहनी, जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो आदींनी तो नकाशा आणि ती हाडे समोरासमोर ठेवली, तेव्हा कवटीचा भाग, मणके, नितंब आणि पाय हे एकाच प्राण्याचे असल्याचे उलगडले. जबलपूरला जे कधीच जमले नाही ते येथे एका कागदामुळे जमले. २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ जगापुढे आला. कपाळावर एक बुटके, गोलसर शिंग असलेला, मजबूत पायांचा शिकारी. आरंभी त्याची लांबी तीस फुटांच्या आसपास सांगितली गेली. पुढच्या काही अंदाजांत ती वीस-बावीस फुटांवर आली. वृत्तपत्रांनी त्याचे शिंग आणि दात रंगवले ते स्वाभाविकच होते. नकाशाची बातमी फारशी कोणी केली नाही.

रायोलीची कथा तेवढ्यावर संपत नाही. तेथील शेतांत जीवाश्म इतके विखुरलेले होते की एका घरी असा दगड मसाला वाटण्यासाठी वापरात होता, असे बालासिनोरच्या पूर्वीच्या नवाब घराण्यातील आलिया सुलताना बाबी सांगत आल्या आहेत. त्यांनी वर्षानुवर्षे पाहुण्यांना ती जागा दाखवली, चोरट्यांकडे लक्ष ठेवले. २०१९ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. आज शाळांच्या सहली रायोलीला जातात. मध्य प्रदेशातही चित्र बदलते आहे. धार जिल्ह्यात ९२ घरट्यांतील २५६ अंडी नोंदवणारा निबंध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, तेथील गावकरी कुलदेवता म्हणून पुजत असलेले गोल दगड हीदेखील डायनासोरचीच अंडी असल्याच्या बातम्या आल्या. शेंदूर लावून का होईना, त्या अंड्यांचा पत्ता गावाने सांभाळला होता हे मान्य करावे लागते.

महाराष्ट्राचे काय? आपल्याकडे द्रव्य कमी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या शेतांत डायनासोरांची हाडे एकोणिसाव्या शतकापासून मिळत आली आहेत. लिडेकर यांनी १८७९ मध्ये येथील मणक्यांवरून टायटॅनोसॉरची एक जात वर्णिली होती. कासवाची आणि सापाची एकेक जात जगभरच्या शास्त्रीय यादीत ‘पिसदुरेन्सिस’ या नावाने गेली आहे. पण पिसदुऱ्याची खरी कीर्ती आहे ती अश्मीभूत विष्ठेमुळे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताच्या पेशींतील सूक्ष्म गारेचे कण ओळखले. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो निबंध आला आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हते हा पाठ्यपुस्तकांतला सिद्धांत मोडीत निघाला. निदान पाच प्रकारची गवते त्या विष्ठेत होती. २०११ च्या पुढील अभ्यासात त्यांत धानाच्या कुळाशी नाते सांगणारे गवतही आढळले. झाडीपट्टीतल्या धानाच्या पूर्वजांची एवढी जुनी नोंद शेजारच्या शिवारातल्या शेणगोळ्यांतून निघावी, याहून अधिक देशी शोध कोणता? पिसदुऱ्यापासून जवळच असलेल्या डोंगरगावच्या टेकडीत १९८० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेने एका टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा काढला. १९९७ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि २००३ मध्ये त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. भारतातील शाकाहारी डायनासोरांपैकी सर्वांत पूर्ण सांगाड्यांत त्याची गणना होते. हाही कोलकात्याचा झाला. अर्थात ज्यांनी घाम गाळून तो काढला आणि अभ्यासला त्यांच्याकडे तो असण्यात गैर काही नाही; प्रश्न आहे तो डोंगरगावात, वरोऱ्यात किंवा चंद्रपुरात त्याची एक प्रतिकृतीसुद्धा लोकांच्या नजरेसमोर का नसावी, हा. शासनाने सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यानाची सुरुवात केली ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु वडधम म्हणजे राज्याचे अगदी टोक, आणि पिसदुरा तर नांगराखालीच आहे.

नांगर, जेसीबी आणि सुरुंग यांच्यापासून जीवाश्मांना वाचवणारा कायदा आपल्याकडे आजमितीस नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. १९७२ चा पुरावस्तू कायदा मूर्ती, नाणी, हस्तलिखिते यांना संरक्षण देतो. जीवाश्मांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. खेड्यात ज्याची सर्वांत जास्त धास्ती असते तो १८७८ चा गुप्तधनाचा कायदा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. हाड ही मौल्यवान वस्तू काय, याचे उत्तर तलाठ्याला ठाऊक नसते आणि ते विचारण्याची शेतकऱ्याला हिंमत नसते. सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवारसा म्हणून काही स्थळे घोषित केली आहेत, लोणारचे सरोवर त्यांपैकी एक. पण घोषणेच्या पाटीमागे दंड करण्याचा अधिकार नाही.

ही पोकळी भरण्यासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. जीवाश्म, खनिजांचे दुर्मीळ नमुने, उल्का यांना प्रथमच कायद्याच्या भाषेत ओळख मिळत होती, आणि त्यांची नासधूस व विक्री हा गुन्हा ठरणार होता. एवढ्यापुरते स्वागतच करायला हवे होते. तथापि पुराजीवशास्त्रज्ञांनीच त्यावर सर्वाधिक आक्षेप घेतले. स्थळ ताब्यात घेणे, अवशेष हलवणे, त्यांचा साठा ठेवणे, हे सारे अधिकार मसुद्याने एकट्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हाती दिले होते. विद्यापीठातल्या संशोधकाने आपल्याच खर्चाने शोधलेले हाड अभ्यासण्यासाठी परवानगीची वाट पाहायची काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. विविध संस्थांचे प्रतिनिधी असलेले स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण असावे, ही त्यांची जुनी मागणी. त्यानंतर हा विषय मागे पडला.

शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त आहे. पण प्रस्तुत लेखकाला त्याहून मोठा वाटणारा दोष दुसराच आहे. मसुद्यात भूवारसा स्थळासाठी जमीन संपादित करण्याची तरतूद आहे. ज्याच्या शेतात हाड निघेल त्या माणसाला मात्र त्यात जागा नाही. धरण, महामार्ग, औद्योगिक क्षेत्र यांसाठी जमिनी गेलेल्या प्रदेशात ‘संपादन’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बांधावर दात दिसला आणि तो कळवल्यास सातबाऱ्यावर शासनाचे नाव चढेल अशी शंका जरी आली, तर शहाणा शेतकरी काय करील? तो दगड विहिरीत टाकील आणि गप्प बसेल. कायद्याने चोराला धाक बसायला हवा. येथे तो धाक साक्षीदारालाच बसतो. रायोलीचा शोध मजुरांनी लावला, आणि धारची अंडी पुजाऱ्यांनी टिकवली. सर्वेक्षणाचा अधिकारी प्रत्येक टप्प्यावर नंतर पोहोचला आहे. जगातही याहून वेगळे घडत नाही. फरक एवढाच, की सापडणाऱ्याला कोठे सन्मान आणि मोबदला मिळतो, तर कोठे बाजार. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका स्टेगोसॉरसच्या सांगाड्याला साडेचार कोटी डॉलरच्या जवळपास किंमत आली. असल्या बातम्या आता खेड्यातल्या मोबाइलवरही त्याच दिवशी पोहोचतात.

पालमकडे परत येऊ. तेथे राजासॉरसचा दात निघण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, हे वर सांगितले. परंतु गोदावरीच्या गाळातील हत्ती आणि पाणघोड्याचा प्रश्न काल्पनिक नाही. परभणी, नांदेड, बीड या जिल्ह्यांत वाळूचा उपसा ही रोजची बाब आहे. पोकलेन रात्री पात्रात उतरते, हायवा भरून जातो आणि वाळूखालचे गोट्यांचे थर उसवले जातात. ज्या थरांत मराठवाड्याचे पाऊसमान, वनस्पती, प्राणी आणि कदाचित आद्य माणूसही नोंदलेला आहे, तो असा बांधकामाच्या ढिगाऱ्यात मिसळतो. त्यातून एखादे हाड बाहेर पडलेच तर ते कुणाच्या तरी ओसरीत चार दिवस राहते, बातमीदार येऊन छायाचित्र काढतो, ‘डायनासोर’ छापून येते आणि मग ते कोठे जाते हे कोणी विचारत नाही. डायनासोर नव्हे असे तज्ज्ञाने सांगितले तर उत्साह दुप्पट वेगाने ओसरतो. वास्तविक त्या हत्तीची आपल्या दुष्काळी प्रदेशाच्या इतिहासाला जितकी गरज आहे तितकी डायनासोरची नाही; मराठवाड्यात एकेकाळी पाणघोडे डुंबत होते, ही माहिती टँकरच्या रांगेत उभे राहणाऱ्याला नक्कीच विचारात पाडील.

या बाबतीत दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नागपुरात सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला नदीगाळातील अवशेषांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. कमी आहे ती तहसीलपासून या तिघांपर्यंत जाणारी एक वाट. वाळूघाटाच्या लिलावाच्या अटींत, अवशेष दिसल्यास काम थांबवून कळवण्याची एक ओळ घालता येते. तलाठी, ग्रामसेवक आणि शाळेचे भूगोलाचे शिक्षक यांना अर्ध्या दिवसात एवढे शिकवता येते, की हाड उचलायचे नाही, धुवायचे नाही, शेजारी एखादी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे आणि मोबाइलवर ती जागा नोंदवायची. श्रीवास्तव यांनी १९८३ मध्ये टेप आणि कागद घेऊन जे काम केले त्याचा पहिला टप्पा आज कोणताही दहावीचा विद्यार्थी दोन मिनिटांत करू शकतो. आणि जमीन कोणाची जाणार नाही, फार तर काही आठवडे एका कोपऱ्यात खोदाई होईल व पिकाची भरपाई मिळेल, असे लेखी आश्वासन जिल्हाधिकाऱ्यांना आजही देता येईल.

टाकळीच्या त्या दाताच्या बाबतीत यातले काहीच घडले नव्हते. १८९० च्या त्या नोंदीत गावाचे नाव आहे. कोणता नाला, कोणता थर, शेजारी आणखी काय होते, हे नाही. लंडनमधील संग्राहकांनी तो जपून ठेवला आहे, क्रमांकही स्पष्ट आहे, आणि पाहायला गेलेल्या अभ्यासकाला तो अजूनही हातात मिळतो.